दुमडलेलं टोक

स्कॅनरने पुन्हा तेच उत्तर दिलं. एबीएसशी संपर्क नाही.

"इंजिन बोलतंय, गिअर बोलतोय, एअरबॅगसुद्धा बोलतेय," ती वैतागून म्हणाली. "हा एकटाच मिठाची गुळणी धरून बसलाय."

"तुझ्या नवऱ्यासारखा," आबा खुर्चीतून म्हणाले.

गॅरेज आबांनी उभं केलेलं, आता लेक चालवत होती. समोरची गाडी आबांची स्वतःची. उद्या सकाळी तिच्यातून ते नातीला, म्हणजे हिच्या मुलीला, घाट उतरून हॉस्टेलवर सोडणार होते. तसा शब्दच दिला होता त्यांनी पोरीला. पण एबीएसचा दिवा विझत नव्हता, आणि दिवा पेटलेली गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा आबांचाच कायदा. साधे ब्रेक लागतात हो, फक्त घसरताना चाक सांभाळणारी यंत्रणा झोपलीय, ही सबब त्यांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाची ऐकून घेतली नव्हती.

हल्ली या गाडीचं दुखणं सरतच नव्हतं. आधी फ्यूज निसटलेला, मग अर्थिंगचा बोल्ट सैल, आणि आता हे. तिचा दादा तर टपूनच बसला होता. "आज नीट झाली तर झाली, नाहीतर उद्या विकून टाकतो. या वयात घाटात गाडी घालतात का कुणी?"

"त्या घाटात मी डोळे मिटून गाडी चालवीन," आबांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं होतं.

आई गेल्यापासून आबांकडे स्वतःचं म्हणावं असं ही गाडीच उरली होती. ती गेली तर ते खुर्चीतून उठायचे नाहीत, याची तिला धास्ती होती. गाडी विकू द्यायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तिने बॅटरी सोडवली आणि स्कॅनरच्या सॉकेटमध्ये मीटरच्या सुया लावल्या.

"किती दाखवतंय? चष्मा घरी राहिला माझा," आबा म्हणाले.

"एकशे वीस ओहम. साठ हवेत. म्हणजे एबीएसकडे जाणारी तार वाटेत कुठेतरी सुटलीय."

"उंदीर असेल. राहू दे पोरी, दमलीस."

"उंदराला म्हणावं, आज गाठ माझ्याशी आहे."

आबा जेवायला घरात गेले. तिने पुढचं चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं आवरण उचकटलं आणि तार बोटाने चाचपत निघाली. चाकामागे तारांचा एक जोड होता, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला. तिने टेप सोडवली. आतली एक पिन मागे ओढलेली होती. तुटलेली नाही, कुरतडलेली नाही, चांगली जोडाचं बारीक कुलूप उघडून ओढलेली.

मग तिची नजर हातातल्या टेपकडे गेली. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं. पुढच्याला नखाने उकरत बसावं लागू नये, म्हणून असं टोक दुमडायला आबांनी दोन्ही पोरांना लहानपणीच शिकवलं होतं. बाहेरचं कुणी हे करत नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दादाला फोन लावला.

"तार तू काढलीस?"

"वेड लागलंय का तुला? मला विकायचीय, ते मी तोंडावर सांगितलंय. चोरून कशाला करू?"

"संध्याकाळी येणार आहेस ना? ये."

चोराच्या उलट्या बोंबा, असं पुटपुटत तिने पिन बसवली, टेप पुन्हा गुंडाळली, बॅटरी जोडली. या खेपेला एबीएस पहिल्या हाकेला बोलला. दिवा विझला. तिने आवरण आणि चाक मुद्दाम तसंच काढून ठेवलं आणि घरात जाऊन मोठ्याने सांगितलं, "आबा, झाली गाडी! उद्या निघा खुशाल. फक्त चाक चढवायचंय."

आबांचा घास क्षणभर हातातच राहिला. "शाब्बास! माझी लेक आहे," ते म्हणाले. "दादालाही कळव."

तिने कळवलं. मग "सुटा भाग आणायला जाते" असं घरात सांगून ती मागच्या दाराने गॅरेजमध्ये शिरली आणि चाकं लावलेल्या फळीवर झोपून गाडीखाली सरकली. दादा हमखास लवकर येणार. आज त्याला रंगेहाथ पकडायचाच. भाऊ असला म्हणून काय झालं?

पावलं वाजली. हळू, थबकत. कुणीतरी गाडीच्या कडेला हात लावत लावत आलं आणि कण्हत गुडघ्यांवर बसलं. चाकाच्या रिकाम्या जागेतून एक हात आत आला. बोटांनी जोड शोधला, टेप सोडली, कुलूप उघडलं, पिन मागे ओढली.

अंगठ्यावरचा तो जुना भाजल्याचा डाग तिने ओळखला.

आबा आणखी वाकले. त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आला. बाहेर लख्ख दुपार होती, आणि ते डोळे उघडे ठेवून थेट तिच्याकडे बघत होते. आता काय सबब सांगतात, म्हणून ती श्वास रोखून थांबली.

आबांनी टेप पुन्हा गुंडाळली, टोक नीट आत दुमडलं, आणि तिच्या डोळ्यांत बघत, तिथे कुणीच नसल्यासारखे, स्वतःशीच पुटपुटले, "वाचली गं बाई माझी नात."