मूळ प्रत परत बसवायची?

कॉम्प्युटर रखडायला लागला म्हणून दुपारी तपासणी लावली. आतली प्रत्येक फाईल मूळ प्रतीशी ताडून पाहायची आणि कुणी बिघडवली असेल तर सांगायचं, एवढंच तिचं काम.

"लग्नाला अडतीस वर्षं झाली, एक वस्तू धड दुरुस्त केली असेल तर शपथ!" वरच्या खोलीतून बायको म्हणाली.

पडद्यावर अक्षरं उमटली. एक फाईल बदललेली आहे. बदल अडतीस वर्षांपूर्वीचा. बदलणारे : आपण. मूळ प्रत परत बसवायची?

कॉम्प्युटर घेऊन जेमतेम सहा वर्षं झालेली. पण या घरात कशाचंही खापर माझ्यावरच फुटतं, म्हणून मनावर न घेता मी 'हो' दाबलं.

खिडकीतलं ऊन जुन्या फोटोतल्यासारखं पिवळं झालं. वर कुणीतरी गुणगुणू लागलं. मग जिन्यावर पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या एकदम उतरणारी. बायको एरवी गुडघेदुखीमुळे कठडा धरून उतरते.

"अगं, हळू!" मी ओरडलो.

ती दारात थांबली. काळीभोर वेणी, गालावर तीच खळी. तिनं माझ्याकडे आदबीनं पाहिलं.

"बाबांकडे आलात ना, काका? बसा, बोलावते."

वर माझे दिवंगत सासरे खोकले.