वळणावरचं खेडं

टाळ्या पडत होत्या आणि प्राध्यापकांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

निरोप समारंभ त्यांचाच. सभागृह गच्च भरलेलं, पहिल्या रांगेत बायको, मागे भिंतभर त्यांचा तो प्रसिद्ध नकाशा. भूगोल विभागाच्या नकाशा-दालनाला आजच त्यांचं नाव दिलेलं. आणि माइकसमोर त्यांची लाडकी विद्यार्थिनी, आता विभागाची प्रमुख. नकाशावर बोट ठेवून ती म्हणाली होती, "नदीच्या वळणावरचं हे खेडं. माझ्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण याच्यावर आहे. संशोधन म्हणजे काय, ते मला यानं शिकवलं."

अहो, कसलं खेडं नि कसलं काय! तिथे नुसता खडक होता. नकाशे चोरून छापणारे सापडावेत म्हणून नकाशा काढणारे एखादं खोटं गाव मुद्दाम घुसडून ठेवतात, तसं ते प्राध्यापकांनी तरुणपणी घुसडलं होतं. बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि सापळ्यात सापडलं कोण, तर घरचंच माणूस! या पोरीनं तिथली घरं मोजली असतील, विहिरी मोजल्या असतील, सगळं टेबलाशी बसून. 'पायाला माती लागल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही,' हे आयुष्यभर घसा फोडून सांगितलं, त्याचं हे फळ? रागापेक्षा लाजच जास्त वाटत होती. त्यांना बायकोकडे बघवेना.

भाषण संपवून विद्यार्थिनी मंचावर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. आता भाषण त्यांचं. चारचौघांत हिचं पितळ उघडं पाडायचं, की सगळं गिळून गप्प बसायचं? ते तिच्याकडे झुकले.

"लाज नाही वाटली तुला? ते गाव नाहीच तिथे!"

"नाहीच, सर," ती हळूच म्हणाली. "दोन्ही काठ पालथे घातले मी. तिथे गाव का असूच शकत नाही, तेच तर लिहिलंय तिसऱ्या प्रकरणात."

सूत्रसंचालकानं त्यांचं नाव पुकारलं. ते उठले नाहीत.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तोंडी परीक्षेत सांगणारच होते, सर. पण बाहेरचे परीक्षक माना डोलवत होते, आणि तुम्ही प्रबंधाची प्रत न उघडताच त्यांना कौतुकानं सांगत होतात, 'गावाचं वर्णन काय हुबेहूब उतरवलंय पोरीनं!'"