भर एप्रिलात ओला

एप्रिलभर वाघोलीत पावसाचा थेंब नव्हता. बाल्कनीत टाकलेली चादर अर्ध्या तासात कडक व्हायची. तरी सारंग रोज संध्याकाळी हिंजवडीहून कंपनीच्या बसने घरी यायचा, तो नखशिखांत भिजून.

"कुठे भिजलास?" पहिल्या दिवशी त्याच्या बायकोने, नम्रताने विचारलं.

"कोण भिजलंय?" तो म्हणाला. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

तिने फरशी पुसली. पाण्याला गाळाचा वास होता. मग महिनाभर ती रोज पुसत राहिली.

शेवटी शेजारच्या काकूंना सांगितलं. "या उन्हात भिजलेला नवरा?" काकू म्हणाल्या. "मग दोन बादल्या आमच्याकडेही पाठव. टँकर आलेला नाही."

तीस तारखेला ती बसथांब्यावरच जाऊन उभी राहिली. ऊन अजून डोळ्यांत खुपत होतं. बस आली आणि सारंग उतरला, अगदी कोरडा. बुटांवर धूळ, शर्टावर घामाचे पांढरे डाग. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि तिला रडूच आलं.

"अगं, काय झालं?" म्हणत त्याने तिचा हात धरला. दोघं घराकडे निघाले. तिला किती दिवसांनी हलकं वाटत होतं.

गेटपाशी तिचा फोन वाजला. स्क्रीनवर सारंगचं नाव होतं. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या सारंगचा फोन त्याच्या खिशात होता.

"कुठे आहेस तू?" फोनवर सारंगचाच आवाज होता, कुडकुडणारा. "कधीचा दाराशी उभा आहे. तू म्हणायचीस ते खरं होतं गं. मी भिजलोय."

"कुणाचा फोन?" तिच्या शेजारी उभ्या असलेल्याने विचारलं, आणि तिचा हात आणखी घट्ट धरला.