न आलेली माणसं

काविळीचा पाला वाटून द्रौपदाबाईंनी रस वाटीत गाळला आणि ग्लानीत पडलेल्या पिवळ्याजर्द नातीची मान हातावर घेतली.

"आत्याबाई, आधी दवाखान्यात नेऊ या हो," सून रडकुंडीला आली.

"गप! चार बुकं शिकलीस म्हणून मला अक्कल शिकवतेस? माझ्या हातचा रस पिऊन बरी झालेली माणसं नारळ घेऊन येतात, ती काय खोटी?"

"आणि बरी न झालेली?"

"त्यातलं एकही माणूस आजवर तक्रार घेऊन माझ्या दारात आलं नाही!" त्या ठसक्यात म्हणाल्या.

म्हणाल्या, आणि हात जागीच थिजला. मेलेलं माणूस कशाला येतंय तक्रार करायला?

त्यांनी वाटी मोरीत उपडी केली. "रिक्षा बोलाव गं," नातीला उचलून घेत त्या म्हणाल्या, "पळत जा."