पॉसिबल

"प्रेत फासावरून उतरवताना शेजाऱ्यांचे हात लागून गळ्यावर या खुणा झाल्या असतील, असं होऊ शकतं का डॉक्टर?" बचाव पक्षाच्या वकिलांनी इंग्रजीत विचारलं.

नागपूरच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात डॉ. मार्तंड वैरागडे उभे होते. मोनालीचं शवविच्छेदन त्यांनीच केलं होतं. मध्ये त्यांची बदली झाली, गोष्ट विस्मरणात गेली. अहवाल हातात होता, पण येताना गाडीत तो वाचायचा राहिला. आता सगळ्यांदेखत पानं चाळायचा त्यांना संकोच वाटला. आपलंच लिहिलेलं आपल्याला आठवत नाही, असं दिसलं असतं.

"पॉसिबल," ते म्हणाले.

न्यायाधीशांनी उत्तर टाइप करायला सांगितलं. समोर आरोपी म्हणून बसलेल्या मोनालीच्या नवऱ्यानं रुमालानं तोंड पुसलं.

पिंजऱ्यातून उतरताना डॉक्टरांना तो गळा आठवला. दोन्ही बाजूंना नखं रुतलेली. कातडीखाली रक्त साकळलेलं. प्रेताला हात लावून रक्त असं साकळत नाही. पोरगी जिवंत होती तेव्हा कुणीतरी गळा दाबला होता.

ते थबकले. सरकारी वकील फाईल बांधत होते. पुढची केस पुकारली गेली. डॉक्टर बाहेर आले.

व्हरांड्यात एक बाई हात जोडून आडवी आली. मोनालीची आई, अंजनाबाई. मागे धाकटी मुलगी होती.

"लय चांगलं बोलले जी साहेब तुमी," अंजनाबाई म्हणाल्या. "मले इंग्रजी कुठं समजते! हे उन्नती कॉलेजात शिकते, तिनं सांगतलं मले. गळा दाबूनच मारलं म्हने, असं तुमी जजसाहेबाले ठासून सांगतलं."

डॉक्टरांनी उन्नतीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

"आता त्याले सजा होईन न जी?"

डॉक्टर हातातल्या अहवालाची घडी करू लागले.

"पाया पड वं उन्नती. तुह्या ताईसाठी साहेब इतल्या दूरून आले."

उन्नती क्षणभर तशीच उभी राहिली. मग वाकली. डॉक्टर मागे सरकले, पण मागे भिंत होती.

उठताना ती अगदी हळू म्हणाली, "आईले सांगू नका, सर."