लो व्होल्टेज

महागावात पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या साजिदला डॉक्टरीणबाई त्याच्या लेकीचा एमआरआय दाखवत होत्या. "मेंदूतल्या तारांवर पांढरं आवरण चढतं. जन्मताना ऑक्सिजन कमी पडला, ते चढवणाऱ्या पेशीच मेल्या." दीड वर्षाची अलफिया मांडीवर काठीसारखे पाय ताठवून हसत होती. कमी मिळालं की जळतं, हे साजिदला समजवावं लागलं नाही. लो व्होल्टेजवर दामटलेल्या मोटारीच त्याच्याकडे यायच्या. "मंग नवी तार नाही भरता येत, मॅडम?" बाईंनी नाही म्हटलं, व्यायामाचा कागद दिला. परतला तर दुकानापुढं नानाजी जळकी मोटार घेऊन बसलेले. "साजिदभाई, हरभरा वाळून राह्यला! खलास झाली का माही मोटार?" एरवी साजिद लो व्होल्टेजवरून खडसावायचा. आज त्यानं करपलेली तार हुंगली. "रडता काहून, नानाजी? मोटारच हाय ना. होते नीट."