कासिल्दानं ऐकलेले सामने

"अरे, बोल की! रेडिओ तुझ्या कानात आहे, माझ्या नाही," कासिल्दा उशीवरून खेकसली. "फ्रान्स काय करतंय?"

सातुरिओनं इअरफोन बोटानं आणखी आत दाबला. "एक-एक. सात मिनिटं उरलीत."

"गप्प का झालास?"

"त्यांना फ्री किक मिळालीय. थांब."

ती थांबली. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, तरी स्पेनमधल्या सोरियाच्या डोंगरांवर अजून थोडा उजेड होता. सातुरिओ खिडकीकडे बघत राहिला. बराच वेळ.

"गोल," तो हळू म्हणाला. मग मोठ्यानं, "गोल! आपला गोल, कासिल्दा! दोन-एक!"

ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा.

मेंदूतल्या गाठीनं मे महिन्यातच तिची नजर नेली होती. टीव्हीच्या आवाजानं डोकं फुटायचं, म्हणून सामना तो ऐकायचा आणि तिच्या उजव्या कानाशी वाकून सांगायचा. मेअखेरीस डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर, फार तर. दवाखान्याच्या जिन्यात कासिल्दा एवढंच बोलली होती, "म्हणजे विश्वचषक अर्धाच ऐकायला मिळणार. मी मरायच्या आधी एकदा तरी जिंकायला हवी होती आपली ही गाढवं."

सातुरिओ तेव्हा रडला नाही. नंतरही नाही. दिवसभर भांडी, चादरी, गोळ्या. डोळे कोरडे ठाक.

तरुणपणी ती गोलकीपर होती. मुलींनी चड्ड्या घालून चेंडूमागं धावायचं, यावर पाद्र्यानं भर चर्चमध्ये तोंडसुख घेतलं होतं. बापानं तिची चड्डी चुलीत घातली. पुढच्या रविवारी ती भावाची विजार घालून गोलमध्ये उभी! गावातले पुरुष हसायला जमायचे. "भांडी कोण घासणार गं?" म्हणून ओरडायचे. सातुरिओही हसायलाच गेला होता. एक चेंडू तिच्या तोंडावर बसला. ती रक्त थुंकली आणि चेंडू उचलून मैदानाच्या पार पलीकडे भिरकावला. त्याचं हसणं तिथंच थांबलं. तो जाऊन गोलच्या मागं उभा राहिला, तो पस्तीस वर्षं तिथंच होता. मूलबाळ झालं नाही. दोघांचं घर, आणि त्यात दर चार वर्षांनी फार तर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाऊन मान टाकणारा स्पेनचा संघ.

आता मात्र हा संघ मान टाकत नव्हता. ब्राझीलही गेलं, एक-शून्य.

"बाहेर फटाके नाहीत वाजत?" कासिल्दानं विचारलं.

"पोरं सगळी शहरात गेलीत जल्लोषाला. गावात आपण म्हातारेच उरलो."

"बरं," ती म्हणाली. "तो गोल परत सांग. सावकाश. घाई करू नकोस."

त्यानं परत सांगितला. ती मध्येच त्याला अडवायची, "आणि बचाव कुठं झोपला होता?" मग त्याला बचावाचंही सांगावं लागायचं. मिलाग्रोस नावाची नर्स रोज सकाळी इंजेक्शन द्यायला यायची. तिला त्यानं स्वयंपाकघरात बोलावून बजावलं होतं, "तिच्याजवळ फुटबॉल काढायचा नाही. तिला धाप लागते." मिलाग्रोसनं खाली बघून मान हलवली होती.

डॉक्टरांनी दिलेला महिना उलटला. खाणं सुटलं, पेजही उतरेना. पण उपांत्य सामन्याच्या दिवशी पोर्तुगालचं नाव काढताच तिनं ओठ ओले करून मागितले. डॉक्टर नाडी बघून म्हणाले, "ही कशावर टिकून आहे, देव जाणे." सातुरिओला मात्र माहीत होतं. जिना उतरताना तो मनाशी हिशोब लावायचा, आणखी चार दिवस. आणखी दोन.

रविवारी अंतिम सामना.

"समोर कोण?"

"इटली."

"चौऱ्याण्णवला त्यांनी आपल्या पोराचं नाक फोडलं होतं कोपरानं. विसरले नाही मी. सोडू नका म्हणावं." आवाज आता कुजबुजीइतकाच उरला होता.

एक-एक. जादा वेळ. पेनल्टी. सातुरिओ तिच्या उशाशी गुडघे टेकून एकेक पेनल्टी सांगत होता. त्याचा घसा बसला होता.

"शेवटची. आपल्या गोलकीपरनं हात पसरलेत... अडवली! कासिल्दा, अडवली! जिंकलो आपण!"

"कुठल्या बाजूला झेपावला?"

"डावीकडे."

"माझीही तीच बाजू." तिनं दोनतीन श्वास घेतले. "रडतोय का?"

"कोण?"

"गोलकीपर."

"हो. ढसाढसा."

"मग तूही रड आता. जिंकल्यावर रडणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही."

त्यानं तिच्या तळहातात तोंड खुपसलं. पाठ गदगदत राहिली, थांबेचना. तिची बोटं त्याचे केस चाचपत होती, विस्कटत होती, पुन्हा सारखे करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाववाल्याची गाडी चौकात यायच्या आत, ती गेली.

तिसऱ्या दिवशी मिलाग्रोस उरलेली औषधं न्यायला आली. सातुरिओनं तिला कॉफी दिली. "त्या सामन्यांनीच धरून ठेवलं तिला," तो म्हणाला. "मी जे केलं ते पाप असेल, तर असू दे. माझ्या बायकोला मी हरलेलं पाठवलं नाही."

मिलाग्रोसनं कप तसाच खाली ठेवला. "सेन्योर सातुरिओ, मला हे पोटात ठेवता येत नाही. फ्रान्सनं आपल्याला तीन-एक हरवून घरी धाडलं, हे दुसऱ्याच दिवशी सकाळी मी त्यांच्याजवळ बोलून गेले होते. तुम्ही पाव आणायला गेला होतात, आणि मला बजावायच्या आधीची गोष्ट. मग माझा हात धरून म्हणाल्या, 'त्याला कळू देऊ नकोस. आता तो विश्वचषक जिंकून देईपर्यंत मला कसंही करून जगायला हवं.'"